बेडी

नगरपालिकेच्या पायरीवर बसून
मी पाट्या रंगवतोय. एकूण अकरा.
दोन बागेत, एक पाण्याच्या टाकीजवळ,
एक सहा नंबर शाळेच्या भिंतीवर,
एक दवाखान्याच्या खिडकीखाली.
बाकीच्या कुठे, ते कित्तूरसाहेब उद्या सांगणार.
मजकूर कानडीत लिहून दिलाय.
पेंटरची भाषा हातात असते,
तोंडात थोडी कमी असली तरी भागतं.

बीडी सेदबेडी.
म्हणजे, बिडी ओढू नका.
कानडीतलं बेडी म्हणजे नको, तेही आदरानं.
मराठीतली बेडी ती बेडीच.
मला ब्रश धुताधुता हसू आलं,
रायगोंडाला सांगितलं, तर त्याला काही कळेना.
तो पहिल्याच पाटीला टेकून
बिडी ओढत होता.
रंग ओला.
उठला तेव्हा सदऱ्याच्या पाठीवर
उलटं, लाल, अर्धं नको.

या निपाणीत पाहुणे शिंकतात.
आम्हाला वास येत नाही,
आपल्या घराचा वास आपल्याला कुठे येतो?

आई दिवसाला हजार वळायची.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
पानावर पत्र्याचा साचा, भोवतीनं कात्री,
मग चिमूट, वळण,
नखानं तोंड दाबायचं, गुलाबी दोरा, गाठ.
मुकादम शंभरातल्या दहा बाजूला टाकायचा,
छाट म्हणून.
पैसे नव्वदांचे.
दहा कुठे जायच्या ते त्याच्या टोपलीला माहीत.
माझा पहिला ब्रश त्या नव्वदांतला.

याच दवाखान्यात डॉक्टरनं
तिच्या छातीचा फोटो उजेडाला धरला.
दिवसाला किती ओढता?
वडत न्हाई वो, आई म्हणाली, वळतो.
त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.
वळतो वो. वळतो.
खिडकीखाली कुणीतरी पेटवली होती,
धूर गजांतून आत,
खाटेखाटेवरून फिरत तिच्यापर्यंत.
तिनेच वळलेली असेल.
छाटीतलीही असेल.
मी बाहेर जाऊन त्या माणसाला काही बोललो नाही.
तेव्हा पाटी नव्हती.
खरं तर तेव्हा माझ्या खिशातही कट्टा होता.

दुपारी वखारीतल्या चौघी आल्या,
पदराला तीच तपकिरी पूड.
गंगव्वानं पाट्या मोजल्या.
मंजे आता आमचं काम बंद काय रं?
न्हाई, म्हटलं, वळायला कोण न्हाई म्हणतंय.
ओढायची न्हाई, आनि ती बी पालिकेच्या जागेत.
पालिकेची जागा कुठवर?
मी ब्रशानं दाखवलं :
हे कुंपण, तो नळ, ते गेट.
गेटापलीकडं पानाचं दुकान,
तिथं टांगलेली सुतळी दिवसभर जळते.
तिनं गेटापर्यंत बघितलं, परत माझ्याकडं.
आनि आमची छाती
कुणाच्या हद्दीत येती?

हद्दीचं या मुलखात सगळ्यांना पाठ.
कुठलं गाव कुणाचं, कुठली पाटी कुठल्या लिपीत,
यावर माझ्या डब्यातले किती रंग संपले.
हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं.
ती उत्तराला थांबली नाही,
तिचे अजून चारशे बाकी होते.

शब्दांखाली चित्र हवं, साहेबांचा हुकूम.
कागदावर सिगारेट दिलीय, पांढरी, सरळ.
इथं ती ओढतो कोण?
मी बिडी काढली,
एका टोकाला बारीक, पानाच्या शिरा दिसणारी,
कमरेला गुलाबी दोरा.
गाठ आई घालायची तशी, डावीकडून.
त्यावर लाल आडवी रेघ.
काढली. अकराच्या अकरा काढल्या.
दवाखान्याची पाटी शेवटी घेतली,
ती मीच खिळे ठोकून लावणार, कुणी सांगो न सांगो.

संध्याकाळी साहेब आले, चष्मा वर केला.
रेघ मधेच का तुटलीय, पेंटर?
दोऱ्यापाशी?
म्हटलं, ओली आहे साहेब.
वाळली की भरतो.